डब्यातला ढेकर

तर काय झालं, एका बाजारपेठेच्या गावात एक कल्हईवाला राहत होता. भिवा त्याचं नाव. तुमच्याकडे आता सगळी स्टीलची भांडी, तुम्हाला कल्हई कुठून ठाऊक असणार. तेव्हा भांडी असायची पितळेची. पितळेला आतून कथलाचा हात दिला नाही, तर त्यात ठेवलेलं ताक कळकतं. कळकतं म्हणजे हिरवट पडतं, कडू होतं, आणि पिणाऱ्याला मळमळायला लागतं. म्हणून भिवा खांद्यावर भाता टाकून गल्लोगल्ली फिरायचा. भांडं तापवायचा, त्यात नवसागर टाकायचा, मग पांढऱ्या धुराचा ढग उठायचा. कथील सोडून वरून कापसाचा बोळा फिरवला, की भांड्याच्या पोटात चांदणं पडायचं. हे कळकण्याचं लक्षात ठेवा बरं का, पुढं लागणार आहे.

भिवा अंगानं थोराड आणि जेवायला दणकट. दिवसभर धूर खाऊन संध्याकाळी घरी आला, की त्याची बायको गोदा त्याला पान वाढायची. भाकरी, आमटी, आणि शेवटी ताकभात. ताकभात संपला की भिवा भिंतीला पाठ टेकायचा आणि एक ढेकर द्यायचा. असा लांब, ऐसपैस, की पलीकडच्या घरातली म्हातारी तिकडून म्हणायची, "जेवला गं बाई भिवा." आणि तो ढेकर ऐकला, की मगच गोदा आपलं ताट वाढून घ्यायची. त्याच्या आधी नाही. तिच्या सासूनं तसंच केलं होतं, सासूच्या सासूनंही तसंच. चांगली रीत होती का? नव्हती. पण होती, आणि भिवाच्या कधी मनातही आलं नव्हतं की असली काही रीत आपल्या घरात आहे म्हणून.

मग झालं असं, की पेठेत लखूशेटची खानावळ होती, ती चालेना. लखूशेट डोक्यानं मोठा हुशार माणूस. त्यानं एक जंगी परात आणली, इतकी मोठी की तुम्ही दोघं तिच्यात झोपाल. तिच्यात भाताचा डोंगर, पुऱ्यांची चवड, वर बुंदीचे लाडू. आणि दवंडी दिली, की जो एका बैठकीत परात संपवील त्याला जेवण फुकट आणि वर चांदीचं कडं. मध्येच उठला तर दुप्पट दाम. आणि ढेकर आला की हरला, कारण ढेकर म्हणजे पोट भरल्याची कबुली.

आता धंदेवाला फुकट वाढायला लागला, की आपण जरा बाजूला उभं राहून बघावं, की त्याचा गल्ला कुठून भरतोय. लखूशेटचा गल्ला परातीतून भरतच नव्हता. तो भरत होता बघणाऱ्यांकडून. एक माणूस मध्ये बसून घामाघूम होऊन खातोय म्हटल्यावर भोवती बाजार लोटायचा. बघता बघता बघणाऱ्यांना भूक लागायची. मग कुणी भजी मागव, कुणी मिसळ मागव. कुणी पैज लाव. घरी आजारी माणसानं दोन घास जास्त खावे म्हणून कुणी इतकं ओरडत नाही, जितकं ते लोक त्या परातीभोवती ओरडायचे.

भिवा बसला. अर्धी परात सहज गेली. लोक त्याचं नाव घेऊन टाळ्या पिटायला लागले. आजवर त्याचं नाव कुणी घेतलं होतं? "ए कल्हई" एवढंच. त्याला बरं वाटलं. आणि नेमका तेव्हा, पोटाच्या तळातून, तो नेहमीचा लांब ऐसपैस ढेकर आला.

सगळा बाजार हसला. त्या ढेकराला आजवर कुणी हसलं नव्हतं.

लखूशेटनं दुप्पट दामाचं नावही काढलं नाही, त्याला मागच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "भिवा, तुझं पोट काही लहान नाही रे. आड येतो तो ढेकर. तो माझ्याकडे ठेव. तुला हवा तेव्हा घेऊन जा. मी काय तुझा ढेकर खाणार आहे?"

भिवानं विचारलं, आणि त्याबदली? लखूशेट म्हणाला, त्याबदली तू फक्त माझ्याच परातीला बसायचं, दुसऱ्याच्या नाही. भिवाला यात काही खोट दिसेना. खोट नव्हतीच. मग लखूशेटनं फळीवरून एक पितळी डबा काढला, झाकण उघडून भिवाच्या तोंडाशी धरला. भिवानं ताकभात आठवला आणि ढेकर दिला. झाकण बसलं. डबा फळीवर गेला. झालं.

दुसऱ्या बाजाराला भिवाच्या समोर, दुसऱ्या परातीला बसायला घाटावरून एक पैलवान आला. मिशांना तूप लावून आला होता. परातीच्या निम्म्यावर त्याचे डोळे पांढरे झाले, चौघांनी त्याला उचलून नेलं. भिवा खातच होता. परात संपली तेव्हा त्याला कळलंच नाही. हात रिकाम्या परातीत फिरत राहिला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मनगटात कडं घातलं.

पुढच्या बाजाराला एक सोनार आला. लग्नाच्या पंगतीत तो बसला, की यजमान आचाऱ्याला आत जाऊन सांगायचा, आणखी घाणा काढ. त्या दिवशी जिलब्या होत्या. सोनार गोडाला हरला, घशाशी आलं म्हणाला आणि उठला. भिवानं त्याच्या पुढ्यातल्याही ओढून घेतल्या. दुसरं कडं आलं. आता भिवा भाता घेऊन कशाला फिरतोय? भाता खुंटीला लागला. तो बाजाराची वाट बघत बसायचा, आणि वाट बघताना खायचा. लाडू जिभेवर गोड लागायचा, बरं का, चव गेली नव्हती. पण घास खाली उतरला की कुठं जायचा कोण जाणे. विहिरीत खडा टाकावा आणि डुबुक वाजूच नये, तसं.

घरी आला की पुन्हा पानावर बसायचा. गोदा भाकरी वाढायची. मग आमटी. मग ताकभात. मग पुन्हा भाकरी. ती कान देऊन बसायची. टोपलं रिकामं व्हायचं, पातेलं खरवडून व्हायचं, आणि भिवा हात धुऊन उठायचा. पलीकडची म्हातारी विचारायची, "भिवा जेवला नाही का गं अजून?" गोदा म्हणायची, जेवतायत.

इकडे गावातली भांडी उघडी पडत चालली. एका घरात आमटी कडू झाली, मग दुसऱ्या घरात ताक. बायकांनी दोनदा निरोप धाडले. भिवानं सांगितलं, बाजार झाला की येतो.

मग तिसरी पैज. त्या दिवशी समोर बसायला कुणीच येईना. सगळ्यांना ठाऊक होतं कोण जिंकणार. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. हाडं मोजून घ्यावीत असा. काठी भिंतीला लावली, हात धुतले, मांडी घालून बसला. लोकांना वाटलं आता मजा येणार. लखूशेटलाही वाटलं, त्यानं भज्यांचा आणखी एक घाणा टाकायला सांगितला.

म्हातारा हळूहळू जेवला. भातात आमटी कालवली. पुरी मोडून भाजी घेतली. एक लाडू घेतला, तो डोळे मिटून खाल्ला. लोक ओरडत होते, आजोबा, हाणा, आजोबा, भिवा पुढं गेला. त्याला ऐकूच येत नव्हतं जणू. मग तो पाणी प्याला, पोटावर हात फिरवला, आणि एक ढेकर दिला. छोटासा. मांजरीच्या पिलानं द्यावा तसा.

लोक खो खो हसले. हरले, आजोबा हरले. कुणीतरी म्हणालं, अहो, निदान चौथाई तरी संपवायचीत, पैजेला बसला होतात ना?

म्हातारा म्हणाला, "पैजेला कुठं बाबा. मी जेवायला बसलो होतो."

दुप्पट दामाचं काय, म्हणून लखूशेटनं विचारलं. म्हाताऱ्यानं पंच्याची गाठ सोडून दाखवली, आत तंबाखू होती. लखूशेटनं त्याला जाऊ दिलं. चार लोकांसमोर म्हाताऱ्याला अडवलं असतं तर पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक फिरकलं नसतं. म्हातारा काठी टेकत, गुणगुणत गेला. भिवा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. हातातला लाडू तोंडाशी नेता नेता तसाच राहिला. समोर बसून कुणाचं तरी पोट भरलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

तिसरं कडं न घेताच तो घरी आला. गोदा चुलीपाशी होती. तिनं पान वाढलं. आणि वाढताना तिच्या बांगड्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत गेल्या. भिवा बघत राहिला. त्या बांगड्या त्यानंच भरवल्या होत्या, कासारानं साबण लावून कशाबशा चढवल्या होत्या.

भिवा म्हणाला, "तू जेवत नाहीस का गं?"

गोदा म्हणाली, "तुमचं कुठं झालंय अजून?"

ती रागानं म्हणाली नाही, बरं का. रागानं म्हणाली असती तर भिवाला बरं वाटलं असतं. त्यानं तिला सांगून बघितलं, तू घे, माझी वाट बघू नकोस. तिनं एक घास घेतला. तो तिच्या तोंडातच फिरत राहिला, उतरेना. तिचे कान अजून त्याच्याकडेच लागले होते. इतक्या वर्षांची सवय, ती काय सांगून सुटते?

भिवा तसाच उठला आणि लखूशेटकडे गेला. म्हणाला, माझा ढेकर परत दे. वाटलं होतं, लखूशेट काहीतरी खोडा घालील. लखूशेटनं कसला म्हणजे कसलाही खोडा घातला नाही. फळीवरून डबा काढला, पुसला, हातात दिला. शब्दाचा पक्का माणूस. पण फळीवर आणखी डबे होते. भिवाला आधी ते मसाल्याचे वाटले होते, मिरीचे, लवंगांचे. आता त्याला कळलं.

घरी येऊन त्यानं ताकभात खाल्ला. गोदा समोर बसली. मग त्यानं झाकण उघडलं. कडेनं हिरवं आलं होतं. डब्याला आतून कल्हई नव्हती. ताकभाताचा तो ढेकर इतके दिवस उघड्या पितळेत पडून राहिला होता. आणि कल्हई लावणार कोण होतं? गावात कल्हईवाला एकच, आणि तो परातीपुढं बसला होता.

भिवानं डबा तोंडाला लावला. ढेकर आत गेला आणि फिरून बाहेर आला. तसाच लांब, तसाच ऐसपैस. पलीकडची म्हातारी म्हणाली, "जेवला गं बाई." गोदानं आपलं ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागली, मान वर न करता, भराभरा. पोट भरलं भिवाचं. पण तोंडात जंगाल आलं होतं, कळकल्या पितळेचं ते हिरवं कडू. पाणी प्याला, गूळ खाल्ला, ते जाईना. त्या दिवसापासून भिवा कधी उपाशी राहिला नाही, आणि पोट भरलं की दर वेळी तोंड कडू व्हायचं. शेवटपर्यंत.

मग त्यानं खुंटीवरचा भाता उतरवला. घरोघर गेला, सगळ्यांची पातेली पुन्हा पांढरी करून दिली. दोन्ही कडी मोडून कथील आणलं. एक दिवस लखूशेटनंही बोलावलं. ओसरीवर सगळे डबे रांगेनं मांडून ठेवले होते, काही झाकण लावलेले, काही रिकामे. लखूशेट म्हणाला, "तुझं वाईट झालं रे भिवा. आता या रिकाम्या डब्यांना आधीच चांगली कल्हई कर. पुढच्याचा तरी कळकायला नको."

बाहेर बाजार भरला होता. परातीपुढं कुणीतरी नवा बसला होता, आणि लोक त्याचं नाव घेऊन टाळ्या पिटत होते. भिवानं थोडा वेळ ऐकलं. मग भाता लावला, नवसागर टाकला, आणि एकेक डबा आतून असा लखलखीत केला, की बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं.

तर अशी ती माणसं. लखूशेट सुखात राहिला, गोदा रोज जेवली, आणि भिवाचंही भागलं. झालं. आता पांघरूण घ्या. पोट भरलंय ना दोघांचं? मग डोळे मिटा.