ईश्वरीची तारीख

“मग तारीख बदलायची तरी कशी, सांगा ना बाबा?”

नलवडे सरांचा एक पाय अजून बुटातच होता. मठात आलेला माणूस आधी नमस्कार करतो, मग बसतो, मग काय ते विचारतो. सरांनी सगळाच क्रम उलटा केला होता.

भानुगिरीबाबा धुनीतली राख सारखी करत बसले होते. गावामागच्या डोंगरावरचा हा गोसाव्यांचा जुना मठ. आता तिथं राहायला एकटे बाबाच होते.

“बूट काढ, मास्तर.”

सरांनी बूट काढला आणि टेकले. टेकले न टेकले तोच पुन्हा उठले.

“कुणाची तारीख?”

“ईश्वरीची. माझ्या वर्गातली, चौथीतली. म्हणते, माझी जन्मतारीख बदला, तरच शाळेत येते. आठवडा होत आला बाबा, पोरगी घराचा उंबरा ओलांडत नाही.”

“बस की.”

सर बसले नाहीत.

आता नलवडे सर म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. शाळाशाळांतून रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहितात, आजच्या तारखेला कुठल्या साली काय घडलं ते. बाकीचे मास्तर पुस्तकातून उतरवून घेतात. सरांना वर्षाच्या सगळ्या तारखा तोंडपाठ. एसटीच्या थांब्यावर कुणी अडवून विचारावं, “सर, बारा मार्च?” की चहाचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर हजर, “दांडीयात्रा निघाली!” गावाला सरांचं कौतुक होतं. सरांना स्वतःचं त्याहून अंमळ जास्तच होतं.

त्यातून त्यांनी शाळेत एक प्रथा पाडली होती. ज्याचा वाढदिवस, त्यानं त्या दिवशी फळा लिहायचा. भोवती रंगीत खडूनं फुलांची नक्षी काढायची. ती घटना मग त्या पोराची, सरांकडून भेट! दांडीयात्रा मिळालेला पोरगा वर्षभर हातात काठी घेऊन हिंडला होता.

ईश्वरीची तारीख होती सहा ऑगस्ट.

“तिला काय दिलंस?” बाबांनी विचारलं.

“हिरोशिमा.”

बाबांचा हात राखेतच थांबला.

“एकोणीसशे पंचेचाळीस,” सर म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. “जपानमधलं शहर. सकाळची वेळ. विमानातून एकच बॉम्ब पडला आणि बघता बघता शहर जळून गेलं. पोरांना समजेल असंच सांगितलं मी. म्हणालो, त्या दिवशी तुमच्याएवढी पोरंही सकाळी घरातून बाहेर पडली होती…”

“आणि पोरीनं लिहिलं.”

“सुंदर अक्षरात. भोवती गुलाबी फुलं.” सर खांबापर्यंत गेले आणि परत आले. “मधल्या सुट्टीत पोरं ओरडायला लागली, बॉम्ब आली, पळा पळा! मी दटावलं त्यांना. पण ती हसली नाही, रडली नाही. फळ्यापाशी गेली आणि ओल्या हातानं फुलं पुसून टाकली. नुसती फुलं. अक्षरं तशीच ठेवली.”

बाबा पुन्हा राख सारखी करायला लागले.

“काहीतरी बोला ना! इतिहास काय लपवायचा असतो? खोटं शिकवू पोरांना?”

“मी कुठं तसं म्हणालो?”

सरांना तेही सोसलं नाही. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

“मी उपाय शोधलाय,” ते म्हणाले. “सहा ऑगस्टलाच फ्लेमिंगचा जन्म. अठराशे एक्क्याऐंशी. पेनिसिलीन शोधून काढणारा! त्या औषधानं किती माणसं वाचली, गणती नाही. उद्या तिच्या घरी जातो आणि सांगतो, पोरी, तो बॉम्ब पुसून टाक, हा घे तुझा फ्लेमिंग.”

“हा तुला आधी ठाऊक नव्हता?”

“होता की.”

“मग हाच का नाही दिलास?”

उत्तर सरांपाशी होतं, पण ते तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं. पेनिसिलीन सांगायला घेतलं की पोरं जांभया देतात. बॉम्ब सांगितला की वर्ग चिडीचूप होतो, आणि तो चिडीचूप वर्ग सरांना फार आवडायचा. त्यांचे कान तापले.

बाबांनी धुनीत एक लाकूड सारलं.

“मास्तर, त्या गावात त्या दिवशी एखादी पोर जन्माला आली असेल का रे?”

“कुठं, हिरोशिमात?”

“हं.”

“असेल… मोठं शहर होतं. असणारच.”

“नाव काय तिचं?”

“ते पुस्तकात नसतं, बाबा.”

बाबांनी नुसती मान हलवली. बाहेर धुकं पायऱ्यांवर चढून आलं होतं. सरांनी घड्याळ पाहिलं, धुनीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. आपण इथवर चढून आलो कशाला, असं त्यांना वाटायला लागलं. पोरगी तिकडे घरात तोंड लपवून बसलीय आणि हा म्हातारा राख उकरतोय!

“तिच्या आईला तरी समजावता येईल म्हणून परवा शाळेत बोलावलं,” ते वैतागून म्हणाले. “तर ती भलतंच घेऊन बसली. मी तारखेचं बोलतोय आणि ती सांगतेय, ओढ्याला पूर होता, दवाखाना पलीकडं, ट्रॅक्टर फरशी पुलापाशी अडकला, आणि ही पोरगी ट्रॉलीतच झाली. म्हटलं, ताई, अहो विषय काय, तुम्ही बोलताय काय?”

“परत सांग.”

“काय? विषय?”

“ओढ्याचं.”

सरांनी कपाळाला हात लावला. पण बाबा पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, म्हणून त्यांनी सांगितलं.

“पूर होता. ट्रॅक्टर पुढं जाईना. पलीकडच्या काठावर नर्सबाई येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांना पाणी ओलांडता येईना. मग त्या तिकडून ओरडून सांगायच्या, असं धरा, तसं करा, घाबरू नका… आणि इकडं बायका तसं तसं करायच्या. वरून पाऊस. तर बाप्यांनी ट्रॉलीवर घोंगड्या ताणून धरल्या आणि तोंडं फिरवून उभे राहिले…”

सर बोलता बोलता खाली बसले होते. केव्हा बसले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“पुढं?”

“पुढं काय… पोरगी रडली. पाण्याच्या आवाजात पलीकडं ऐकू जाईना. तर अलीकडच्या सगळ्यांनी हात वर केले. मग नर्सबाई तिकडं काठावर मटकन बसल्या आणि…” सरांनी खाली फरशीकडे पाहिलं. “आणि त्याही रडायला लागल्या. असं ती आई सांगत होती.”

“आणि तू काय म्हणालास?”

“…विषय काय, तुम्ही बोलताय काय.”

धुनीतलं लाकूड तडतडलं. सरांना शरम वाटली, अगदी शाळकरी पोरासारखी.

बाबांनी धुनीच्या कडेचा एक विझलेला कोळसा उचलून त्यांच्या हातात दिला.

“लिही.”

“कुठं?”

बाबांनी फरशीकडे बोट केलं. सरांनी सहा ऑगस्ट लिहिलं. त्याखाली हिरोशिमा लिहिलं, सालासकट. त्याखाली फ्लेमिंग. पुढं हात थांबला. पुढं बाबांचं आसन होतं, काळ्या घोंगडीचं. ते कधी कुणी हलवलं नव्हतं. गावचे म्हातारेसुद्धा त्याला वळसा घालून जात.

“जागा संपली, बाबा.”

बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, सावकाश उठले. घोंगडी गुंडाळून त्यांनी काखेत मारली आणि ते गार फरशीवर अनवाणी उभे राहिले.

“आता आहे.”

सर ओणवे झाले. बाबांच्या आसनाखालच्या कोरड्या फरशीवर त्यांनी ईश्वरीचं नाव लिहिलं. मग ओढा लिहिला, ट्रॉली लिहिली, घोंगड्या, नर्सबाई, दोन्ही काठांची माणसं. ओळ भिंतीपर्यंत गेली, तिथून वळली. कोळसा बोटाएवढा उरला. डोळ्यांतलं पाणी पुसताना सरांनी गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

“हिरोशिमा पुसू का आता?” त्यांनी हलकेच विचारलं.

“तिनं पुसलं होतं का?”

“…नाही. नुसती फुलं पुसली.”

“मग तू का पुसतोस?”

सर उठून उभे राहिले. आल्यापासून पहिल्यांदाच कुठं जायचं ते त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आता तर क्षणभरही थांबवेना.

“उद्या नको. आत्ताच जातो. आधी आईकडून सगळं नीट ऐकतो. मग पोरीला म्हणतो, चल, तुझा फळा अर्धाच राहिलाय, फुलं नव्यानं काढ…”

बोलता बोलता त्यांनी बूट हातात उचलले आणि तसेच पायऱ्या उतरायला लागले.

“मास्तर!”

सर धुक्यात थांबले. वळून वर पाहिलं. बाबा घोंगडी काखेत धरून अजून तिथंच उभे होते.

“त्या फळ्यावर एक ओळ कोरी ठेव. त्या गावातल्या पोरीची.”