चाखणीचे दोन खळगे

त्या डोहाला आत येण्याची एकच वाट होती, आणि बाहेर जाण्याची एकही नव्हती. वरच्या अंगाने एक चिंचोळी धार येई. जे यायचे ते तिच्यातूनच. एकदा आत आलेल्याला घालवून देणे पाण्याला कधी जमले नाही.

म्हणून डोहाने एक रीत घालून घेतली होती. तिला चाखणी म्हणत. धारेच्या तोंडाशी, जिथे वाळूतून झऱ्याचे नितळ पाणी पाझरे, तिथे कारभारी खेकडा खळगा उकरी. नवा पाहुणा आला की त्याला खळग्यात ठेवायचे आणि सोबत एका शिंपलीला बसवायचे. शिंपली जन्मभर पाणी आत घेते नि बाहेर सोडते. दिवस कलला की खेकडा तिला नांगीने टिचकी मारी. शिंपली झटकन मिटली, म्हणजे जीव शाबूत. मेलेली शिंपली उघडीच राहते. ती मिटली की खेकडा नांगी वर करून म्हणे, "पाहुणा निर्मळ. येऊ द्या आत." आणि नाहीच मिटली, तर त्या पाहुण्यापुढे दगड लोटला जाई.

एका खळग्यात एकच पाहुणा, हा या रीतीचा गाभा होता. त्यालाही कारण होते. फार मागे एका पुरात एक जळू आणि एक वाळके पान सोबत आले होते. चाखणारी शिंपली मेली, तेव्हा दोघांनाही माघारी लावले. पानाचा काही दोष नव्हता. त्या उन्हाळ्यात गोगलगाईंना कुरतडायला पान मिळाले नाही आणि कितीतरी उपाशी गेल्या. तेव्हापासून डोहाने ठरवले, की एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारायचे नाही.

आता कारभारी होता केरबा खेकडा, आणि चाखणी करी ती ठकूआत्या. ती म्हातारी शिंपली होती. तिच्या पाठीवर शेवाळ धरले होते.

एका वर्षी धारेतून रुपेरी धूळ आली. इतकी बारीक, की पाण्यात आहे की नाही ते उन्हाची तिरीप पडली तरच कळे. वरच्या, माणसांच्या राज्यात तिला कपड्यांत विणत, घामाचा वास मारायला, आणि कपडे धुतले की ती सुटून खाली येई.

"मी कुणाच्या अध्यात ना मध्यात," धूळ म्हणाली. "कोपऱ्यात पडून राहीन."

ठकूआत्याने तिला चाखले. धूळ दार न वाजवता आत शिरली आणि खरेच एका कोपऱ्यात बसून राहिली. जरा जडसे वाटले, इतकेच. टिचकी बसताच आत्या मिटली.

मग आला तांबडा रंग. तो कुठल्यातरी कापड रंगवणाऱ्यांच्या हौदातून सांडलेला होता. त्याला बघूनच आत्याच्या ओठांनी आपसूक दार लावले.

"बघा," तांबडा खिन्नपणे म्हणाला. "मला कुणी उंबऱ्यावरसुद्धा उभं करत नाही."

दिवसभर तो खळग्यात एकटाच तरंगला. जो आत येऊच शकत नाही, तो मारणार कसा? संध्याकाळी केरबाने नांगी वर केली.

त्यानंतर दोघेही रोज धारेतून येत राहिले. केरबा मनाचा प्रामाणिक. तो अधूनमधून शेजारी शेजारी दोन खळगे उकरून दोघांची पुन्हा चाखणी घेई. मध्ये वाळूची भिंत घाली. दोघेही दर वेळी निर्मळ ठरत.

डोहात मात्र आधी पाणकिडे दिसेनासे झाले. मग गोगलगाईंची अंडी दगडांवरच पांढरी पडली. "दिवसच वाईट आहेत," सगळे म्हणत. धूळ आणि तांबडा डोहाच्या पाण्यात विरळ पसरले होते, म्हणून मरण सावकाश येई, आणि सावकाश येणाऱ्या मरणाला केरबा म्हातारपण म्हणे.

शिंपलीची लेकरे तळाशी वाढत नाहीत. ती डोळ्याला दिसणारही नाहीत एवढी बारीक असतात. माशाच्या कल्ल्यांना बिलगून, त्याच्या श्वासावर ती मोठी होतात, आणि अंगात बळ आले की वाळूत उतरतात. ठकूआत्याची या खेपेची लेकरे हौसा मरळीच्या कल्ल्यांत होती. आपल्या वयात पुन्हा खेप येणार नाही, हे आत्याला ठाऊक होते. हौसा रोज तिच्याजवळ येऊन थांबे आणि आत्या विचारी, "कशी आहेत गं?"

"तुझ्यासारखीच, चिवट," हौसा हसून म्हणे. "चिमटे काढतात मेली. माझ्या पोरांनी नाही एवढा छळ मांडलाय."

एक दिवस हौसा आली ती धापा टाकत. सारखी वर जाऊन हवेचा घोट घेत होती.

"आत्या, कल्ले पेटल्यासारखे झालेत. आणि..." ती थांबली. "सकाळपासून चिमटे कमी झालेत गं."

आत्याने स्वतःचेच मांस चाचपले. कोपऱ्यात बसलेली धूळ तिथेच होती. पण तिचा कण न् कण आता तांबडा झाला होता.

तिला कळायला वेळ लागला नाही. जिची लेकरे दुसऱ्याच्या अंगाला चिकटून जग बघतात, तिला हे कुणी शिकवावे लागत नाही. तांबड्याला दार उघडत नव्हते. धुळीला दार लागतच नव्हते. डोहात कुणीच त्या बिचाऱ्याला जवळ करत नव्हते, तेव्हा धूळच त्याला म्हणाली असेल, बस माझ्या पाठीवर.

जिभेसारखा एकुलता पाय वाळूत रोवत, स्वतःला ओढत ती केरबाकडे निघाली. तिच्यामागे वाळूवर एक लांब चरा उमटत गेला.

"केरबा, दोघांना एका खळग्यात घाल. मी बसते."

केरबाचे दोन्ही डोळे देठांवर ताठ झाले. "आत्या, तूच दोघांना निर्मळ म्हणालीस ना?"

"म्हणाले. वेगवेगळे चाखले तेव्हा होतेच की ते निर्मळ."

"मग एकत्र घालून काय कळणार? तू मेलीस तर दोष कुणाचा धरू? धुळीचा, की तांबड्याचा?"

"दोघांचा मिळून."

"मिळून असा पाहुणा नसतो, आत्या. पाहुण्याला नाव असतं. पानाचं काय झालं, विसरलीस?"

"नाही रे विसरले. पण डोहात तू मध्ये भिंत घातलीयस का? तिथं ते एकाच पाण्यात राहतात."

केरबा मऊ आवाजात म्हणाला, "तू दमलीयस. खूप वर्षं केलंस. आता नव्या शिंपल्या बसतील. तुझ्याच गेल्या खेपेच्या दोघी लेकी आहेत की."

तो तिरका तिरका चालत बिळात गेला. त्याच्या मनात कपट नव्हते, हेच आत्याला सर्वांत जड गेले.

पुढच्या चाखणीसाठी दोन्ही खळगे भरलेले होते. एकात धूळ, एकात तांबडा. आत्या सरकत जाऊन धुळीच्या खळग्यात उतरली आणि तिने हौसाला हाक मारली.

"हौसे, शेपटीनं ती मधली भिंत पाड."

"आणि तुला काही झालं तर?"

"मी मिटले नाही, तर केरबाला बोलावून दाखव. तुझ्या कल्ल्यात अजून चिमटे आहेत ना?"

"आहेत. थोडे."

"मग पाड."

हौसाने डोळे वळवले आणि शेपटी मारली. वाळू ढासळली. दोन्हीकडचे पाणी एक झाले. तांबडा सावकाश धुळीकडे सरकला, आणि धुळीने त्याला जवळ घेतले. त्या भेटीत काही दुष्टावा नव्हता. आपापल्या खळग्यात दोघेही इतका वेळ एकटे होते.

दिवस कलला. केरबा आला, त्याने टिचकी मारली. पुन्हा मारली. मग त्याने नांगी वाळूवर टेकवली. "आत्या," तो म्हणाला, "अगं, मीट ना."

हौसा म्हणाली, "आता तरी बघितलंस?"

"बघितलं." केरबा म्हणाला. "दोषी कोण, ते आता शोधलंच पाहिजे. मी सोडणार नाही त्याला."

त्याने नवी चाखणी मांडली. खळगे खोल उकरले, झऱ्याचे पाणी धरले. एकात धूळ आणि आत्याची थोरली लेक, दुसऱ्यात तांबडा आणि धाकटी. सारा उरलासुरला डोह बघायला जमला. मधली भिंत पुन्हा कुणी पाडू नये म्हणून केरबाने ती पक्की केली. ठकूआत्याच्या शिंपल्याची दोन झाकणे त्याने आदराने उचलली आणि वाळूत शेजारी शेजारी उभी रोवली. एकाही बाजूचा थेंब दुसरीकडे जाईना.

संध्याकाळी त्याने टिचक्या मारल्या. दोघी लेकी झटकन मिटल्या.

"निर्मळ," केरबा म्हणाला. "दोघेही निर्मळ."

भिंतीतल्या झाकणांची आतली बाजू उन्हात चमकत होती, रुपेरी आणि मधून मधून तांबूस. धारेच्या तोंडाशी तिसरा कुणी पाहुणा नम्रपणे थांबला होता. केरबा त्याच्यासाठी तिसरा खळगा उकरायला लागला. त्याच्या डोक्यावरून एक लांबट सावली सावकाश वाहत गेली. पोट वर, कल्ले उघडे. केरबाने डोळे वर केले नाहीत. तिसऱ्या खळग्याची भिंत नीट बसते आहे की नाही, ते तो नांगीने चाचपून पाहत होता.