श्वास सोडायला मनाई

एका गावात एक भोळा शिपाई होता. गावाचं नाव खडकबोरी आणि शिपायाचं झिपरू. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ, आणि मनात कपट म्हणाल तर तिळाएवढंही नाही. खोड एकच. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. हीच गावाची मोठी अडचण होती.

खडकबोरीच्या ग्रामपंचायतीनं नवं कार्यालय बांधलं. जुनं कौलारू होतं, त्यात वारा इकडून शिरायचा आणि तिकडून निघून जायचा. नवं काचेचं झालं. समोर काच, बाजूला काच, आत एसी. उन्हाळ्यात त्या काचेतून असं ऊन यायचं की एसीला धाप लागायची. पण तालुक्यात तसली इमारत कुणाची नव्हती, म्हणून गाव खूश होतं.

पहिल्याच दिवशी सरपंच कौसाताईंनी झिपरूला बोलावलं.

"हे बघ झिपरू, एसी लावला की दारं-खिडक्या बंद. आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. बाहेर गेली की वीज फुकट जाते. कळलं?"

"कळलं, ताई. आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही."

झिपरू घरी गेला तोही तेच पुटपुटत. बायकोनं, बायजानं, विचारलं, "काय बडबडताय?"

"सरकारी काम आहे," झिपरू म्हणाला. "तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवलं, पोरांच्या खिचडीसाठी पाण्याच्या कळशा पोचवायला. तिथं धुरपदाबाई चुलीवर खिचडी शिजवत होती. लाकडं ओली होती. धूर खिडकीतून भराभरा बाहेर चालला होता. झिपरूनं पाहिलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. आतली हवा, आणि बाहेर! त्यानं कळशा खाली ठेवल्या, खिडकी लावली, दार लावलं, दाराच्या फटीत पोतं कोंबलं आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभा राहिला.

थोड्या वेळानं आतून खोकला ऐकू आला. मग शिव्या ऐकू आल्या. मग दोन्ही एकदम ऐकू आले.

धुरपदाबाई दार ढकलून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हातात पळी होती.

"मेल्या, मारतोस का मला?"

"नाही मावशी, वीज वाचवतोय."

"चुलीला कसली रे वीज? धूर दिसला की दारं-खिडक्या सताड उघडायच्या. आणि सूप घेऊन वारा घालायचा, धूर जाईस्तोवर. शिक जरा!"

पळीचा एक फटका पाठीत बसला. झिपरू पाठ चोळत म्हणाला, "शिकलो, मावशी."

आणि खरंच शिकला. जाताना तिच्याकडून एक जुनं सूपही मागून घेतलं.

गुरुवार आला. ग्रामसेवक गावंडे, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं, ते दत्तभक्त. कार्यालयात आले, तसबिरीला हार घातला, एक उदबत्ती लावली आणि घरकुलांचे अर्ज टेबलावर पसरून बसले. एसी गार वारा सोडत होता. उदबत्तीचा धूर बारीक रेघेसारखा वर चालला होता.

झिपरूनं धूर पाहिला.

फटाफट सहाच्या सहा खिडक्या उघडल्या. दार उघडलं. सूप काढलं आणि असा काही वारा घातला की मळणीच्या वेळी खळ्यावर कुणी घातला नसेल. बाहेरचाही वारा त्याच्या मदतीला धावला. उदबत्ती विझली. तिच्याबरोबर त्रेसष्ट अर्ज खिडकीतून बाहेर पडले आणि शेजारच्या पडीक रानात उतरले. तिथं दगडू धनगराच्या शेळ्या चरत होत्या. भाऊसाहेब धावत पोचेपर्यंत बारा घरकुलं खाऊन झाली होती.

"हे काय केलंस?"

"धूर घालवला, भाऊसाहेब."

"अरे, कागद उडाले! वारा आला की आधी काय करावं? जे जे हलतंय त्याच्यावर दगड ठेवावा! काही हलू द्यायचं नाही. इतकं साधं कळत नाही तुला?"

"आता कळलं," झिपरू म्हणाला, आणि संध्याकाळी ओढ्यावर जाऊन एक पाटीभर चांगले गोटे निवडून आणले.

पण कार्यालयाची एक निराळीच तक्रार सुरू झाली होती. काचा बंद, दार बंद, आणि आत दहा-अकरा माणसं. दुपारपर्यंत प्रत्येकाचं डोकं जड व्हायचं. काल कुणी मुळ्याची भाजी खाल्ली ते आज कळायचं. एकाला सर्दी झाली की चौथ्या दिवशी सगळी ग्रामपंचायत शिंकायची. कौसाताईंनी तालुक्याहून इंजिनियर सावळेबाईंना बोलावलं. बाईंनी सगळं नीट पाहिलं, काचांवर पांढरे पडदे सोडायला सांगितले, भिंतीत खाली एक झडप बसवली आणि वर एक छोटा पंखा. पंखा आतली शिळी हवा बाहेर टाकणार, आणि झडप ढकलून ताजी हवा हळूच आत येणार. एसीही थोडा कमी थंड ठेवला तर वीज कमी लागणार. काम चोख होतं. बाई शेजारच्या गावी निघून गेल्या.

त्याच दुपारी मासिक सभा होती. झिपरू दारापाशी बसला होता. त्याला खाली ती झडप दिसली. लुटुलुटु हलत होती.

त्यानं एक चांगला थोरला गोटा आणून झडपेला टेकवला. झडप गप झाली. मग वरचा पंखा दिसला. त्याच्यावर दगड ठरेना, म्हणून तो बंद करून सुतळीनं करकचून बांधला. पडदे हलत होते, त्यांच्या टोकाला गोटे बांधले. सदस्य काही हलत नव्हते, म्हणून त्यांच्यावर दगड ठेवायची वेळ आली नाही.

पहिला विषय झाला. दुसऱ्या विषयाला चार जण पेंगले. तिसऱ्याला उपसरपंच घोरू लागले. चौथा विषय गटाराचा होता. भाऊसाहेबांनी 'सर्वानुमते मंजूर' एवढं लिहिलं आणि वहीवर डोकं टेकलं. अकरा माणसं झोपली. असल्या सभा आधीही झाल्या होत्या, त्यामुळे झिपरूला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सावळेबाई परतताना काम बघायला म्हणून डोकावल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी आधी दार उघडलं, मग माणसं उठवली, मग दगड पाहिला.

"हा दगड इथं कुणी ठेवला?"

"मी ठेवला. ते हलत होतं, बाई."

"अहो, हलायलाच बसवलंय ते! भिंतीचं नाक आहे ते. भिंतीला भोक असलं की ते मोकळं ठेवायचं. बुजवायचं नाही. बुजलेलं दिसलं तर लगेच मोकळं करायचं. भिंतीला श्वास घेऊ द्या जरा!"

झिपरूला फार वाईट वाटलं. भिंतीचं नाक आपण दाबलं! रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"असं करत जाऊ नका हो," बायजा म्हणाली. "समजून घेत जा आधी."

"समजूनच घेतलंय," झिपरू म्हणाला. "भोक बुजलेलं दिसलं की मोकळं करायचं."

आठ दिवसांनी शाळेत तांदळाची पोती आली. ती कोठीत रचायला झिपरूला बोलावलं. कोठीत उंदरांचा सुळसुळाट असायचा, म्हणून धुरपदाबाईनं गवंड्याकडून सगळी बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवून घेतली होती. झिपरूनं पोती रचली आणि मग भिंतीकडे पाहिलं. एक नाही, दोन नाही, चौदा नाकं! आणि चौदाही दाबलेली!

तो पळत जाऊन पहार घेऊन आला. चौदाही मोकळी केली. वर कान लावून ऐकलं. आतून खुसफुस ऐकू आली. "घेतेय श्वास," तो समाधानानं म्हणाला आणि घरी गेला.

सोमवारी धुरपदाबाईनं कोठी उघडली. पोती होती. तांदूळ कुठं गेला ते उंदरांना विचारावं लागलं असतं.

या वेळी प्रकरण थेट कौसाताईंपुढे गेलं. धुरपदाबाई पळी नाचवत एका बाजूला, झिपरू मान खाली घालून दुसऱ्या बाजूला.

"झिपरू, आणखी एक चूक केलीस तर तू घरी बसशील," कौसाताई म्हणाल्या. "भोक मोकळं करायच्या आधी बघावं ना, त्यातून कोण आत येतंय? जो आत येऊन घाण करणार, त्याला दारातच अडवायचं. मग तो कुणी का असेना! लक्षात राहील?"

झिपरूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "राहील, ताई. आत येऊन घाण करणाऱ्याला दारातच अडवायचं. मग तो कुणी का असेना."

त्याच आठवड्यात जिल्ह्याहून स्पर्धा जाहीर झाली. आठ दिवसांत ज्या सरकारी इमारतीत हवा सगळ्यात शुद्ध आणि वीज सगळ्यात कमी, तिला पहिला क्रमांक. कौसाताईंनी नाव दिलं. एक तपासनीस आला. त्यानं आतल्या भिंतीवर काट्याचं एक यंत्र टांगलं आणि झिपरूच्या हाती एक वही दिली.

"काटा हिरव्यावर असला की हवा चांगली. लालवर गेला की घाण. काय?"

"हो, साहेब."

"लाल झाला की वहीत वेळ लिहायची आणि कारण लिहायचं. खरं कारण. लपवाछपवी नको."

झिपरूनं वही छातीशी धरली. चौथीपर्यंत शिकलेला होता तो, अक्षर टपोरं होतं. त्यानं एकच विचारलं.

"साहेब, पण घाण करतं कोण?"

तपासनिसाला घाई होती. गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "कोण म्हणजे? माणूसच. श्वास सोडतो ना तो!"

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कार्यालयात आले तर दाराला कुलूप, आणि पायरीवर झिपरू.

"दार उघड."

"भाऊसाहेब, तुम्ही श्वास सोडता?"

"सोडतो की!"

"मग आत जाता येणार नाही."

भाऊसाहेब ओरडले. उपसरपंच ओरडले. कौसाताई आल्या त्याच मुळी ओरडत आल्या. पण झिपरू हलला नाही. "ताई, तुम्हीच म्हणालात, कुणी का असेना."

कौसाताई किल्ली हिसकावणार, एवढ्यात त्यांची नजर काचेतून आतल्या यंत्रावर गेली. काटा हिरव्यावर होता. असा हिरवा तो कालपासून एकदाही झाला नव्हता. त्यांनी विजेच्या मीटरकडे पाहिलं. चाक जागचं हलत नव्हतं. किल्लीकडे गेलेला हात त्यांनी मागं घेतला. मग म्हणाल्या, "आठच दिवसांचा तर प्रश्न आहे. टेबल त्या कडुनिंबाखाली घ्या."

टेबल कडुनिंबाखाली गेलं. सावली होती, वारा होता. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "नवल आहे, डोकं दुखत नाही हो." पण ते कुणी लिहून घेतलं नाही, कारण कडुनिंबाखाली यंत्र टांगलेलं नव्हतं.

निकाल लागला. हवा अत्युत्तम. वीजवापर शून्य. खडकबोरी जिल्ह्यात पहिली! बक्षीस द्यायला आणि आदर्श इमारत आतून बघायला खुद्द जिल्ह्याचे मोठे साहेब आले. तीन गाड्या, हार, ताशा. कौसाताईंनी पुढं होऊन स्वागत केलं. साहेब पायऱ्या चढून दाराशी आले. दारात झिपरू.

"साहेब, तुम्ही श्वास सोडता?"

ताशा थांबला. कौसाताईंनी डोळे मिटले. साहेबांनी मागच्या सहायकाकडे पाहिलं. सहायकानं फायलीत पाहिलं.

"सोडतो," साहेब जपून म्हणाले. "म्हणजे, अधूनमधून."

"मग आत येता येणार नाही."

साहेब सहायकाच्या कानाशी लागले. "असा नियम आहे का?"

"असणारच, साहेब. त्याशिवाय पहिला क्रमांक कसा येईल?"

आपल्याला नियम माहीत नाही हे चारचौघांत दिसणं साहेबांना परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "यातून काही मार्ग?"

झिपरूनं विचार केला. पाहुणे लांबून आले होते. "घ्यायला हरकत नाही, साहेब. सोडायचा मात्र बाहेर येऊन."

साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि गाल फुगवून आत शिरले. मागून सहायक, त्याच्यामागं तपासनीस, सगळे गाल फुगवून. झिपरू स्वतःही फुगवून. साहेबांनी झडपेकडे पाहून मान डोलावली. पंख्याकडे पाहून मान डोलावली. बक्षिसाच्या पाटीवरचा पडदा ओढला. मग भाषणासाठी वळले, हात वर केला, आणि दोन्ही डोळे बाहेर काढून उभे राहिले. काचेबाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं नेमकं भाषण गावानं याआधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा धीर सुटला. "हुऽऽऽश!" नेमके ते यंत्रासमोर उभे होते. काटा सर्रकन लालवर गेला.

झिपरूनं साहेबांच्या दंडाला धरलं, अदबीनं बाहेर आणलं, मागोमाग बाकीचे आल्यावर कुलूप लावलं आणि वहीत लिहायला घेतलं. साहेब पायरीवर बसून घामाघूम होऊन धापा टाकत होते. सहायकानं सवयीनं झिपरूच्या हातातली वही घेऊन त्यांच्यापुढं धरली. साहेबांनीही सवयीनं, न वाचता, नेहमीचा शेरा लिहून सही केली आणि सहायकानं शिक्का मारला.

ती वही आजही जिल्ह्याच्या कचेरीत आहे. शेवटच्या पानावर टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: "दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. काटा लाल. घाण झाली. कारण: मोठे साहेब." आणि खाली, गोल शिक्क्यासह, मोठ्या साहेबांची सही: "पाहिलं. बरोबर आहे."