समोरचे टक्कल आणि पाठीमागचे केस

चंपानगरीच्या भद्रसेन राजाला समोरून टक्कल पडले होते. परदेशी शिकून आलेले एक वैद्यराज ऐटीत म्हणाले, "महाराज, मागचे केस काढून पुढे रोवतो. शंका फक्त अडाण्यांनाच येते."

राजाने आपल्या न्हाव्याला, गोंदाजीला, बोलावले. "तुझे मत सांग. पटले नाही, तर तुझ्या या झुपकेदार मिशा उतरवीन."

गोंदाजीचा हात नकळत मिशांकडे गेला. "सरकार, आपण समोर असता तेव्हा दरबाराची रीत काय?"

"सर्वांनी मान खाली घालायची."

"आणि वर कधी करायची?"

"आम्ही पाठ फिरवून निघालो की."

"म्हणजे प्रजेला आपले टक्कल दिसतच नाही, दिसतात ते मागचे दाट केस. जिथे सारे पाहतात तिथले केस काढून वैद्यराज ते जिथे कोणीच पाहत नाही तिथे लावणार!"

वैद्यराज उसळले. "आणि राणीसाहेब? त्या कुठे मान खाली घालतात?"

राजाशेजारी बसलेल्या राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला वीस वर्षे शिकारीला निघालेली पाठच दिसते आहे. तेवढी तरी शोभिवंत राहू द्या."

वैद्यराजांनी पेटी आवरली, आणि गोंदाजी मिशांना पीळ देत घरी गेला.