पळीला आलेला संशय

भांडी बोलायची आणि एकमेकांवर डोळाही ठेवून असायची, तेव्हाची ही गोष्ट. मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटी वाढणारी पळी होती. असायची द्वारकामावशींच्या हातात, पण आग्रह तिचा स्वतःचा. कुणी "बास" म्हटलं, की ती आणखी एकदा वाढायचीच.

त्या वर्षी गिरिजा नावाची नवी मुलगी आली. वाटीवर हात आडवा धरून ती म्हणायची, "थोडीच वाढा मावशी, लागली तर परत येईन." महिन्याभरात बाकीच्या मुलीही तसंच म्हणू लागल्या. पळीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"ही पोर सगळ्यांना फितवतेय," ती पातेल्याला म्हणाली. "बाहेरून काहीबाही मागवून खात असणार. आपलं अन्न गोड लागत नाही यांना."

"परत घ्यायला येतात की," पातेलं म्हणालं.

"ते आपलं दाखवायला!"

पुरावा हवा म्हणून पळीने मोरीपाशी बसलेल्या उष्ट्याच्या बादलीला गाठलं. "खरं सांग, घेतलेली आमटीसुद्धा तुझ्यातच ओततात ना?"

बादलीने आपलं पोट दाखवलं. तळाला शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि कढीपत्त्याची चार पानं, एवढंच होतं.

"म्हणजे तूही त्यांना सामील! बाकीचं कुठे लपवलंस?"

बादली शांतपणे म्हणाली, "पळीबाई, आज मी रिकामी दिसले तर तुला संशय आला. इतकी वर्षं रोज काठोकाठ भरत होते, तेव्हा का नाही गं आला?"