ऑस्विन पाद्रींनी घेतलेली नावं

ऐका हो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, तिकडे इंग्लंडातली. नदीच्या अलीकडे विद्यापीठाचं एक कॉलेज, पलीकडे एल्मफर्ड नावाचं खेडं. कॉलेजचे प्रमुख होते ऑस्विन पाद्री. इतके विद्वान, की झोपेतही लॅटिन बोलायचे, असं म्हणतात. प्रवचन मात्र एवढं लांबवायचे, की ऐकणाऱ्याच्या पायांना मुंग्या याव्यात!

एका वर्षी प्लेग आला. पोरं वाचावीत म्हणून पाद्रींनीच नियम केला: फाटक बंद. जो बाहेर जाईल तो कॉलेजला कायमचा मुकेल, मग तो प्रमुख का असेना.

आठच दिवसांत पलीकडून हॅना नावाची विधवा फाटकाशी आली. एल्मफर्डचा पाद्री प्लेगनं गेला होता आणि तिच्या लेकीचं प्रेत दोन दिवस घरात तसंच पडून होतं. प्रार्थनेवाचून पुरलं तर जीव भटकत राहतो, अशी त्या गावाची श्रद्धा.

"पाद्रीबाबा, माझ्या एल्सीला अशीच कशी हो मातीत घालू?"

पाद्रींनी तीस वर्षं खपून मिळवलेली खुर्ची, जिवापाड जपलेली पुस्तकं, सगळं फाटकाच्या आत होतं. तरी ते स्वतःच्या हातानं कडी काढून बाहेर पडले.

खड्ड्याशी त्यांनी सवयीनं लॅटिन सुरू केलं. हॅना कळवळली, "मला मेलीला त्यातलं काय कळतंय! तिचं नाव तरी घ्या."

पाद्री ओशाळले. पुस्तक मिटून म्हणाले, "देवा, ही एल्सी."

तेव्हा कुठे हॅनानं हंबरडा फोडला.

एल्सी धरून एकाहत्तर जणांना त्यांनी मूठमाती दिली, प्रत्येकाला नावानं. नाव घेतलं की झाकोळलेलं आभाळ घटकाभर उघडायचं, असं म्हणतात.

साथ सरली. पाद्री परतले, तर खुर्चीवर दुसरे प्रमुख बसलेले. म्हातारा पहारेकरी रडतच म्हणाला, "नियम तुमचाच, साहेब."

"बरोबर आहे," म्हणत पाद्री एल्मफर्डला गेले, ते कायमचे. तिथेच वारले. पुरायला दुसरा पाद्री नव्हता, म्हणून हॅनाच पुढे झाली. "देवा, हा आमचा ऑस्विन." तेव्हा दोर न ओढता चर्चची घंटा वाजली, असं म्हणतात.

आजही त्या कॉलेजचा नवा प्रमुख आधी पायी एल्मफर्डला जातो. प्रवचनाला सक्त मनाई! एकाहत्तर नावं तोंडपाठ म्हणायची, बहात्तरावं ऑस्विनचं. एक जरी चुकलं, तरी गावच्या बाया त्याला माघारी धाडतात, आणि तोवर खुर्ची रिकामी राहते.