नांगरपट्टीची घंटा

मुरवंडच्या बंदरात एकही पाहुणी होडी उरली नव्हती, आणि गावच्या जहागीरदार सरकारांची खात्री होती की होड्या चोरीला गेल्या!

"गेल्या थंडीत इथे शिडांची नुसती जत्रा होती!" सरकार धक्क्यावर गरजले. "मौजेची सफर करणारे शेटसावकार इथेच मुक्काम ठोकायचे, नांगर टाकायची आमची नांगरपट्टी भरायचे. कुठे गेले सगळे? नक्की कुणीतरी पळवले!"

गोम अशी होती की नांगरपट्टी आधी होती एक रुपया. जकातदार गणोजी सरकारांच्या कानाशी लागले आणि तिचे पाच झाले. मग शिडाची पट्टी वेगळी, सुकाणूची वेगळी! होडी दिसली रे दिसली की गणोजी छोट्या पडावात बसून घंटा बडवत तिच्यावर चालून जायचे. पाहुण्यांचा नांगर पाण्याला लागायच्या आत घंटा! होड्या तिथूनच तोंड फिरवायच्या आणि शेजारच्या बंदरात जाऊन जेवायच्या. इकडे नारळवाला झोपा काढू लागला, पाणीवाल्या भरल्या घागरी घरी नेऊ लागल्या, आणि बाजारातून सरकारांना मिळायचं तेही आटलं.

धक्क्यावर मासे तळून विकणाऱ्या आवडीची चूल तर कित्येक दिवस पेटली नव्हती. तिला राहवलं नाही.

"सरकार, चोर तुमच्याच धक्क्यावर हाय!"

"असं? मग उद्या सकाळी त्याला आमच्यासमोर हजर कर. नाहीतर तुझी चूल उचलून समुद्रात!"

आवडी बोलून बसली खरी, पण सरकारांना ते पटवायचं कसं? त्या एका चुलीवर ती आणि तिचा म्हातारा बाप जगत होते. चूल गेली तर खायचं काय? विचार करत ती घरी निघाली, तर जकातनाक्याच्या दारात घंटा टांगलेली आणि खाली गणोजी भरदुपारी घोरत पडलेले. आवडी खुदकन हसली.

आता सरकारांना गळ टाकायचं भारी वेड. पण कोलंबीचा वास काही सोसवायचा नाही! म्हणून गळाला आमिष लावून दोरी रोज आवडीच पाण्यात सोडायची, आणि तोवर सरकार नाकाला रुमाल लावून, तोंड फिरवून बसायचे. सकाळी तसंच झालं.

सूर्य डोक्यावर यायला लागला तरी सरकारांना एक मासा मिळेना. शेजारी आवडी मात्र मासे ओढतेय, ओढतेय, टोपली भरत आली!

"हा काय प्रकार? तुला टोपलीभर आणि आम्हाला ठेंगा? आणि चोर कुठाय?"

"दोरी वर घ्या की, सरकार. गावला असंल!"

सरकारांनी दोरी ओढली. आधी वर आली शिशाच्या वजनाच्या जागी बांधलेली भलीमोठी घंटा, टण् टण् टण्! आणि तिच्याखाली कोलंबी, जशीच्या तशी.

"अरे, माझी घंटा!" गणोजी धावत आले.

"ह्योच चोर, सरकार! तुमच्याच गळाला लागलाय," आवडी घंटेकडे बोट दाखवत म्हणाली. "कोलंबी ताजी, मासेबी भुकेले. पण जवळ आले की ही घंटा हलायची आन् मासे पळायचे. होड्याबी अशाच पळाल्या!"

सरकारांचा चेहरा लालबुंद झाला.

"आणि पट्टी सोडली तर आमचा खजिना काय वाऱ्याने भरायचा?"

"सरकार, कोलंबीचे पैसे तुम्ही कधी माशाकडून घेतलेत?"

सरकारांची मिशी थरथरली. मग ते जे हसत सुटले ते पाण्यातच पडायचे, गणोजींनी धोतर धरलं म्हणून वाचले!

"पट्टी पुन्हा एक रुपया!" त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. "तीही होडी निघताना घ्यायची. आणि जकातनाक्याची खोली आजपासून आवडीच्या चुलीला बक्षीस!"

"आणि माझी घंटा?" गणोजी रडकुंडीला आले.

"तीही तिचीच! मासा तव्यावर पडला की तुम्ही वाजवायची."

पहिली शिडं दिसली त्या दिवशी गणोजींनी अशी घंटा बडवली की पाहुण्यांच्या आधी सरकारच येऊन बसले. समोर तळलेली कोलंबी आली, आणि रुमाल काही खिशातून निघाला नाही. सरकारांनी ऐटीत रुपया काढला.

"ऱ्हाऊ द्या, सरकार," आवडी म्हणाली. "आधी पोटभर खा. पट्टी निघताना!"